सत्तावीस नंबरचा बिल्ला

तीन एप्रिलला अकरा हजार चारशे साठचे एक बिल पाणीपुरवठा कार्यालयात आले, आणि टाचणीकाकांनी त्याच्या कडेला लाल शाईने एकच प्रश्न लिहिला : वर्षभरात नेमके काय काम केले?

टाचणीकाका हे कार्यालयाचे लेखापाल. चौतीस वर्षांत त्यांच्या हातून एकही कागद सुटा गेला नव्हता. पावतीला बिल, बिलाला मंजुरी, मंजुरीला अर्ज, सगळे एकमेकांना टाचलेले. शर्टाच्या खिशाच्या आतल्या बाजूला चार टाचण्या कायम खोचलेल्या असत, त्यावरून हे नाव पडले. तोंडावर सगळे 'काका' म्हणत आणि पाठ फिरली की 'टाचणी'. काकांना ते ठाऊक होते. नावात खोटे काही नव्हते, म्हणून त्यांची तक्रारही नव्हती.

बिल पाठवले होते वेबसाइटवाल्या बाईंनी. झेरॉक्सच्या दुकानावर त्यांची एक खोली होती. सहा वर्षांपूर्वी कार्यालयाची वेबसाइट त्यांनीच बनवली आणि तेव्हापासून त्याच ती सांभाळत होत्या. कुठल्या भागात किती वाजता पाणी येणार, कुठे नळ फुटलाय, तक्रार कुणाकडे करायची, हे लोक तिच्यावर बघत. लाल शाई पाहून बाई स्वतःच येऊन काकांसमोर बसल्या.

"काका, वर्षभरात साइटला काही झालं?"

"नाही."

"मग तेच काम केलं."

"काही झालं नाही, याचं बिल मी पास कसं करू? मोजायचं कसं?"

"टाकीवरच्या पहारेकऱ्याचा पगार कसा मोजता?"

"तो हजेरीपटावर सही करतो."

"मग मीही येऊन सही करत जाईन. दर रविवारी साइटची अख्खी प्रत काढून माझ्याकडे ठेवते. तेव्हा बोलवा."

"रविवारी कार्यालय बंद असतं."

बाई हसल्या. सॉफ्टवेअरच्या नव्या दुरुस्त्या वेळच्या वेळी बसवाव्या लागतात, आत कोण कुठून आले ते बघावे लागते, असे त्यांनी समजावून पाहिले. काकांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि बाई गेल्यावर टिपणीत लिहिले : "काम दृश्य स्वरूपाचे नाही. कराराचे नूतनीकरण करू नये." मुख्य अधिकाऱ्यांनी खाली डोळे झाकून सही केली. ते काकांच्या टिपणीवर नेहमी तशीच करत.

आता, भाडेकरू गेला की कुलूप बदलायचे असते. काकांनी बाईंकडून पासवर्ड मागून घेतला आणि तो बदलला. नवा पासवर्ड त्यांनी विचार करून ठरवला. नाव नको, जन्मतारीख नको, एवढे त्यांना कळत होते. वेबसाइटच्या पहिल्या खर्चाच्या व्हाउचरचा नंबर आणि त्याच्या मागे-पुढे दोन-दोन अक्षरे. कुणाच्या बापाला सुचला नसता.

आणि मग त्यांनी तो किल्ल्यांच्या फळ्यावर टांगला.

यात काकांना वेडेपणा वाटला नाही, कारण तो नियम होता आणि नियमाला कारण होते. वीस वर्षांपूर्वी पंपघराचा माणूस किल्ली खिशात घेऊन दवाखान्यात भरती झाला आणि अर्ध्या गावाला तीन तास पाणी मिळाले नव्हते. तेव्हापासून ज्याची दुसरी किल्ली फळ्यावर नाही असे एकही कुलूप कार्यालयात नसे. काकांच्या टेबलामागच्या भिंतीवर लाकडी फळा, त्यावर खिळे, प्रत्येक खिळ्याला किल्ली आणि पत्र्याचा नंबराचा बिल्ला. सव्वीसपर्यंत पंपघर, क्लोरीनची खोली, टाकीचा जिना, कपाटे असे सगळे होते. सत्तावीसला किल्ली नव्हती, नुसता बिल्ला. त्यावर जाड पेनाने 'वेबसाइट' आणि खाली पासवर्ड. पासवर्ड माहीत असलेली माणसे तीन : काका, मुख्य अधिकारी आणि रोजचे वेळापत्रक साइटवर चढवणाऱ्या टायपिस्ट बाई. पण उद्या तिघेही आजारी पडले तर?

काकांची आणखी एक सवय होती आणि तिची कार्यालयात मनसोक्त टिंगल चाले. दर शनिवारी ते वेबसाइटची पाने छापून घेत. खाली सही, तारीख, आणि फाइलला टाचणी. टायपिस्ट बाई प्रिंट काढता काढता म्हणत, "काका, साइट काढली कागद वाचवायला. तुम्ही साइटचेच कागद करताय."

"पडद्यावर सही करता येत नाही," काका म्हणत.

या टायपिस्ट बाई नऊ वर्षे कार्यालयात होत्या, पण नोकरी कंत्राटी. दर ऑगस्टअखेर मुदतवाढीचा कागद निघे आणि दर ऑगस्टमध्ये त्या शिपायापासून सगळ्यांशी जरा जास्तच गोड बोलत. घरी दोन मुली, आणि नवरा वर्षातले सहा महिने बाहेरगावी कामाला. थोरला भाऊ राजकारणात. राजकारणात म्हणजे भिंतींवर पोस्टर चिकटवणारा, पण चिकटवायचा मनापासून.

जूनमध्ये कार्यालयाचा वर्धापनदिन झाला. पंपघरातल्या कामगारांना प्रशस्तिपत्रे दिली. काकांच्या टेबलाजवळ उजेड चांगला, म्हणून सगळ्यांना तिथे उभे करून टायपिस्ट बाईंनी फोटो काढला. साइटवर चढवताना त्या म्हणाल्या, "फोटो फार मोठाय, छोटा करून टाकते."

"छोटा कशाला? चेहरे नीट दिसू देत. माणसं घरी दाखवतील."

फोटो मोठाच चढला.

जुलैत गावातले वातावरण तापले. पाणीपुरवठा एका कंपनीला ठेक्याने द्यायचा का, यावर अठरा ऑगस्टला जाहीर सुनावणी ठरली. ठेक्याच्या बाजूचे आणि विरोधातले, दोघांनी भिंती रंगवल्या. टायपिस्ट बाईंचा भाऊ विरोधातला.

चार ऑगस्टला सकाळी काका खुर्चीत बसतात न बसतात तोच फोन वाजला.

"तुमच्या साइटवर पाण्याची वेळ दिसत नाही," एक बाई सांगत होत्या. "कुणीतरी मूठ दाखवतंय."

काकांनी साइट उघडली. पडदा लालभडक. मधोमध आवळलेली मूठ आणि खाली मोठ्या अक्षरांत : 'पाणी विकणाऱ्यांना पाणी पाजू.' त्याच्याही खाली, बारीक : 'ही साइट आता आमची.' चौतीस वर्षांत कार्यालयाच्या कागदावर कुणी पेन्सिलीची रेघ मारली नव्हती.

मुख्य अधिकाऱ्यांनी वेबसाइटवाल्या बाईंना बोलावणे धाडले. बाई आल्या, पण एप्रिलचा विषय त्यांनी काढला नाही. काढला असता तर काकांना बरे वाटले असते. बाईंनी आधी लाल पान जसेच्या तसे साठवून ठेवले, पुरावा म्हणून. मग पासवर्ड बदलला, आणि आपल्याकडच्या मार्चमधल्या प्रतीवरून पहिले पान पुन्हा बसवले. तासाभरात लाल रंग गेला. मुख्य अधिकाऱ्यांनी चहा मागवला.

"सुटलो," ते म्हणाले. "आता एवढं सांगा, घुसले कसे?"

बाईंनी साइटची नोंद उघडली. "शनिवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी कुणीतरी आत आलंय. आणि साहेब, पासवर्ड एकदाही चुकलेला नाही. पहिल्याच फटक्यात बरोबर."

"म्हणजे?"

"म्हणजे अंदाज केलेला नाही. त्याला माहीत होता."

नजरा जिथे जायच्या तिथे गेल्या. माहीत असलेले तिघे. भिंतीवरचा फळा रोजचाच, तो कुणाच्या ध्यानातही आला नाही. त्यातले एक साहेब, दुसरे काका. तिसरीचा भाऊ मूठ छापलेली पोस्टरे चिकटवत होता.

दुपारी टायपिस्ट बाईंच्या हातात खुलाशाचा कागद पडला : सात दिवसांत लेखी उत्तर द्यावे. त्यांचा संगणक दुसऱ्या खोलीत हलवला. त्या काकांच्या टेबलाशी आल्या.

"काका, तुम्हालाही असंच वाटतं?"

"वाटण्याचा प्रश्न नाही. नोंद काय सांगते, हा प्रश्न आहे."

"नऊ वर्षं रोज तुमच्यासमोर बसते मी. ती कुठल्या नोंदीत येत नाही का?"

काकांनी समोरच्या फाइलची टाचणी काढली आणि पुन्हा तिथेच खोचली. बाई निघून गेल्या.

काकांना चैन पडेना. मन हलके करायचा त्यांना एकच मार्ग माहीत होता : ताळा घेणे. त्यांनी वेबसाइटवाल्या बाईंना थांबवून घेतले, शनिवारच्या प्रिंटांची फाइल काढली आणि पडद्यावरचे एकेक पान कागदाशी पडताळायला बसले. शनिवारचे प्रिंट सकाळी अकराला निघालेले होते, म्हणजे घुसखोर यायच्या आधीचे.

"काका, बाकीच्या पानांवर हात पडलेला दिसत नाही," बाई म्हणाल्या.

"दिसत नाही, हे मी लिहू शकत नाही. पाहिलं, एवढंच लिहू शकतो."

एकूण एक्केचाळीस पाने. काका मोठ्याने वाचत, बाई पडद्यावर बघून 'हं' म्हणत. तेहतिसाव्या पानावर बाई 'हं' म्हणाल्या नाहीत.

"परत वाचा."

"जाहीर सुनावणी, दिनांक अठरा ऑगस्ट, सकाळी दहा."

"इथे एकोणीस आहे."

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. "बघा आता. लाल रंगाला सगळे घाबरतात, तो पुसला की सुटलो म्हणतात. खरं काम इथे करून गेलेत. साइट बघून येणारा माणूस एक दिवस उशिरा आला असता. हॉलला कुलूप."

काकांनी पडद्यावरच्या आकड्यावर बोट ठेवले. मग सावकाश म्हणाले, "सुनावणीला गर्दी कुणाला हवीय?"

"विरोध करणाऱ्यांना. ते तर घरोघर सांगत फिरतायत, या म्हणून."

"मग तेच लोक आपल्याच माणसांना उशिरा कशाला बोलावतील?"

काकांनी कागद आणि पडद्याचा प्रिंट एकत्र टाचून मुख्य अधिकाऱ्यांपुढे ठेवले. तारीख त्याच दिवशी दुरुस्त झाली. चौकाचौकांत छापील सूचना लागल्या, रिक्षावर भोंगा लावून गावभर सांगितले गेले. अधिकाऱ्यांनी पाठ थोपटली. पण टायपिस्ट बाईंचे नाव निघताच त्यांनी मान हलवली.

"भावानं केलं नसेल, मान्य. पण पासवर्ड बाहेर गेला कसा? तुम्ही दिला नाही, मी दिला नाही. मुदतवाढीवर मी सही करू कशी?"

काका फाइल उचलून टेबलाशी परत आले.

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर काका घरच्या किल्ल्या तपासत होते. घरीही फळा होता, लहान. बायको पलीकडे फोनवर काहीतरी बघत बसली होती.

"साइटवरचा वर्धापनदिनाचा तुमचा फोटो बघतेय. कॉलरचं बटण तुटलंय आणि तसंच मिरवलंत चारचौघांत. मी शिवून दिलं होतं की नाही?"

"कुठे तुटलंय? दिसत तरी आहे का?"

"दिसतंय म्हणजे काय." तिने दोन बोटांनी फोटो मोठा केला. "हे बघा. दोराही दिसतो. एवढंच काय, तुमच्या मागच्या फळ्यावरचे नंबरसुद्धा वाचता येतात. चोवीस, पंचवीस, सव्वीस... सत्तावीसला मात्र किल्ली नाही, नुसतंच काहीतरी लिहिलंय."

काका उठून तिच्यामागे जाऊन उभे राहिले. पत्र्याचा बिल्ला, जाड पेन, त्यांचेच वळणदार अक्षर. अक्षर न् अक्षर, आकडा न् आकडा. जूनपासून ऑगस्टपर्यंत कार्यालयाने आपल्या घराची किल्ली आपल्याच दारावर फोटो करून लावली होती.

"काय हो? चेहरा असा का पडला?"

काकांनी सांगितले. सगळे. लाल शाईपासून. बायकोने ऐकून घेतले आणि फोन खाली ठेवला.

"कुणाला कळलंय हे?"

"तुला आणि मला."

"निवृत्तीला किती राहिले?"

"चार महिने, बावीस दिवस."

"मला विचारताय तर मी सांगणार, गप्प बसा. म्हणून विचारू नका." मग उठून सुईदोरा शोधायला लागली. "उद्या तो शर्ट घालून जायचं असेल तर आधी द्या इकडे."

सोमवारी काकांनी मुख्य अधिकाऱ्यांपुढे तीन गोष्टी ठेवल्या : मोठा केलेला फोटो, सत्तावीस नंबरचा बिल्ला आणि आपल्या हाताने लिहिलेला एक पानी कबुलीजबाब.

अधिकाऱ्यांनी दार लावून घेतले. "काका, हा बिल्ला तुमच्या खिशात घाला. फोटो मी काढून टाकायला लावतो. चौकशी आपोआप थंड होईल. शेवटच्या पानावर डाग कशाला पाडून घेताय?"

"आणि टायपिस्ट बाईंची मुदतवाढ?"

"तो विषय वेगळा."

"वेगळा नाही साहेब. एकाच फाइलचा आहे." काकांनी खिशातून टाचणी काढली आणि कबुलीजबाब खुलाशाच्या कागदाला टाचला.

दहा दिवसांनी काकांच्या सेवापुस्तकात लेखी ताकीद चढली. चौतीस वर्षांत पहिली आणि शेवटची. टायपिस्ट बाईंना वर्षाची मुदतवाढ मिळाली. कोण घुसले होते, ते पोलिसांना शोधता आले नाही. ठेक्याच्या बाजूच्यांनी कानावर हात ठेवले, विरोधातल्यांनीही ठेवले.

टायपिस्ट बाई त्यांच्या जुन्या जागी परत आल्या, तेव्हा काका उभे राहिले. काय बोलायचे ते त्यांनी घरून ठरवून आणले होते, पण सापडेना.

"मी त्या दिवशी जे बोललो..."

"नोंदीत नाही ना ते?" बाई संगणकाची वायर लावत म्हणाल्या. "मग राहू द्या." आवाजात गोडवा नव्हता. ऑगस्ट संपायचा होता, तरीही नव्हता, आणि ते काकांना रास्त वाटले.

साइट पुन्हा वेबसाइटवाल्या बाईंकडे गेली. या वेळी काकांनी त्यांच्यापुढे वही घेऊन बसून सगळे उतरवून घेतले. तिघांना एक पासवर्ड नाही, प्रत्येकाला आपला वेगळा, म्हणजे कोण आत गेले ते नोंदीत नावानिशी येते. पासवर्ड बरोबर टाकला तरी फोनवर आलेला आकडा घातल्याशिवाय दार उघडायचे नाही. सॉफ्टवेअरची दुरुस्ती आली की त्याच आठवड्यात बसवायची. रविवारची प्रत बाईंकडे आणि एक तिजोरीत, साइटपासून लांब. साइटवर जाणारा प्रत्येक फोटो आधी मोठा करून कोपरे बघायचे. पुन्हा लाल पान दिसले तर आधी त्याची प्रत, मग बदल, मग सगळ्या पानांचा ताळा.

"आणि आम्ही तिघेही आजारी पडलो तर?" काकांनी विचारले.

"तेवढं तुमचं बरोबर होतं," बाई म्हणाल्या. "दुसरी किल्ली हवीच. फक्त भिंतीवर नको." पासवर्ड बंद पाकिटात गेला, जोडावर तिघांच्या सह्या, आणि पाकीट तिजोरीत. फळ्यावरचा सत्तावीसचा खिळा काकांनी रिकामाच ठेवला.

अठराची सुनावणी भरगच्च झाली. पण शनिवार दुपार ते सोमवार संध्याकाळ, दोन दिवसांहून जास्त वेळ ती चुकीची तारीख साइटवर होती, आणि ती तेवढ्यात किती जणांनी वाचली हे सांगता येत नव्हते. म्हणून एकोणीसला सकाळी काकांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, बंद हॉलच्या पायऱ्यांवर एक खुर्ची मांडली आणि मांडीवर कोऱ्या कागदांचा गठ्ठा घेऊन बसले. साडेबारापर्यंत सात माणसे आली. एक म्हातारे काठी टेकत आले होते आणि कुलूप बघून त्यांचा चेहरा उतरला.

"काल झाली?"

"हो आजोबा. तारीख आमच्याकडे चुकली होती."

"मग आमचं म्हणणं कोण ऐकणार?"

"मी लिहून घेतो. सांगा."

सातही जणांचे म्हणणे काकांनी त्यांच्याच शब्दांत उतरवले. चौघे ठेक्याच्या विरोधात होते, तिघे बाजूने. मुदत संपल्यावर आलेले म्हणणे धरता येईल की नाही, ते वरचे लोक ठरवतील, असे अधिकारी म्हणाले. काकांनी ते कागद तरीही आवक नोंदवहीत चढवले, सुनावणीच्या फाइलला टाचले आणि टायपिस्ट बाईंकडे टाइप करायला दिले. बाईंनी त्याच दुपारी करून दिले, न मागता दोन प्रतींत.

वेबसाइटवाल्या बाईंचे अकरा हजार चारशे साठचे बिल सप्टेंबरमध्ये पास झाले. तिजोरीतल्या प्रतीसाठी त्यांनी पदरचे पैसे घालून पेनड्राइव्ह आणला होता, तीनशे पंच्याऐंशीचा. त्याची पावती हरवली आहे, त्यामुळे ती रक्कम मंजूर झालेली नाही. कार्यालय त्यांचे तीनशे पंच्याऐंशी देणे लागते.